चतुःसीमेतून हरवलेला नाला

दस्त लिहिणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. पातूरला कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. त्या टेबलावर गेली तीसेक वर्षे मी खरेदीखते, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे, गहाणखते लिहीत आलो. आधी हाताने, मग टंकयंत्रावर, आता संगणकावर. शिक्षण बारावीपर्यंत. जलविज्ञान आणि नगररचना या विषयांत माझ्याकडे कोणतीही पदवी नाही. जे थोडेफार कळले ते जुनी पुस्तके, शासनाची परिपत्रके, ओळखीच्या अभियंत्यांचे खाल्लेले डोके आणि भर पावसात नाल्याकाठी घातलेल्या चकरा यांतून. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे आकडे आले की वाचकांनी ते डोळे मिटून घेऊ नयेत.

प्रत्येक दस्तात एक परिच्छेद असा असतो की त्याकडे ना घेणारा पाहतो, ना देणारा. तो म्हणजे चतुःसीमा. रक्कम दहा वेळा वाचली जाते, नावातली वेलांटी तपासली जाते, क्षेत्रफळाचा दशांशही पाहिला जातो. पण 'पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांदण, उत्तरेस सरकारी धुरा' हे मात्र लिहिणाऱ्यावर सोडलेले असते. मीही ते वर्षानुवर्षे यांत्रिकपणे लिहिले. मागच्या दस्तावरून पुढच्या दस्तावर उतरवायचे, एवढेच.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका रात्री माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात पाणी शिरले. पाऊस दोन-अडीच तासांचा. धान्याच्या कोठ्या, गाद्या, भाच्याची दहावीची पुस्तके, सगळे भिजले. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीची चिखलाची रेघ उमटली. माणसे वाचली, कारण शेजारच्या एका म्हातारीने आरडाओरड करून सगळी गल्ली उठवली. तिसऱ्या दिवशी बहिणीने ओला झालेला दस्त उन्हात वाळत घातला होता. मी तो उचलला तेव्हा लक्षात आले, हस्ताक्षर माझे होते. मीच लिहून दिलेला दस्त. त्यात चतुःसीमा अशी होती : पश्चिमेस ९ मीटर रुंदीचा रस्ता.

घरी येऊन मी जुने दप्तर काढले. ज्या शेतात ते ले-आऊट पडले होते, त्या शेताचे आधीचे दोन दस्त मला मिळाले. सर्वांत जुन्यात 'पश्चिमेस नाला' असे स्वच्छ मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात होते. दुसऱ्यात, शेताची वाटणी झाल्यावर, 'पश्चिमेस नाला व त्यापलीकडे' पुढच्या मालकाचे नाव. मग जमीन अकृषक झाली, प्लॉट पडले, नाल्याला लागून रस्ता आखला गेला आणि प्लॉटची पश्चिम सीमा झाली रस्ता. यात खोटे काहीच नव्हते. बहिणीच्या प्लॉटच्या पश्चिमेला खरोखरच रस्ता होता. नाला रस्त्याच्या पलीकडे होता, अरुंद होऊन, बेशरमाच्या झाडांत बुडालेला. तिसऱ्या दस्तापर्यंत येताना तो कागदावरून नाहीसा झाला, आणि नाहीसा करणारे शेवटचे बोट माझे होते.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जमीन विकत घेण्याआधी, तिच्यावर घर बांधण्याआधी, गावाचा नकाशा आखण्याआधी पुराचा धोका कसा मोजतात? आणि मोजत असतील, तर तो आमच्यासारख्या गावापर्यंत का पोचत नाही?

आधी पातूरची भूमी समजून घ्यावी लागेल. पातूर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. रेणुकामातेच्या टेकडीवर उभे राहिले की दक्षिणेला घाट दिसतो आणि उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट काळा पट्टा. घाट चढून मेडशी, मालेगावच्या पलीकडे गेले की पावसाचे पाणी पैनगंगेकडे वळते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. आमच्या बाजूचे पाणी मोर्णा, निर्गुणा अशा नद्यांतून पूर्णेला, तिथून तापीला आणि अरबी समुद्राला. म्हणजे आम्ही उताराच्या अगदी वरच्या टोकाला राहतो. इथे पूर येतो तो सांगली-कोल्हापूरसारखा दिवसदिवस चढत येत नाही. तिकडे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, अशी पायरीपायरीने सूचना मिळते आणि माणूस गाय सोडून, ट्रंक उचलून निघू शकतो. डोंगराच्या पायथ्याचा नाला अशी सवड देत नाही. माझ्या बहिणीच्या घराजवळच्या नाल्याचे पाणलोट मी नकाशावर मोजले, ते साधारण २ चौरस किलोमीटर भरते. सर्वांत लांबच्या टोकावर पडलेला थेंब तिच्या दारापर्यंत यायला हिशेबाने पाऊण तास लागतो. म्हणजे वरच्या शेतात ढगफुटीसारखा पाऊस सुरू झाल्यावर खाली माणसांच्या हाती पाऊण तास असतो, तोही ती जागी असतील तर.

गल्ली उठवणारी ती म्हातारी मला म्हणाली होती, "हे काही नदी नाही बाप्पा, नाला हाय. पन त्याले राग लवकर येते." पुढे वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत मला याहून नेमके वाक्य मिळाले नाही.

आता कायद्याच्या पूररेषेकडे येऊ. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून निळी रेषा आणि लाल रेषा अशी भाषा रूढ झाली. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचेल ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली, तीत हीच विभागणी आहे. निषिद्ध पट्ट्यात बाग, मैदान, वाहनतळ, उघडा भाजीबाजार, स्मशान असल्या गोष्टी चालतात, नवे घर चालत नाही. नियंत्रित पट्ट्यात घर बांधता येते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवी. नियम म्हणून हे वाईट नाही.

यात 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र मोठा घोळ केला आहे. माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण याचा अर्थ असा घेतो की आजोबांच्या वेळी पूर आला होता, आता पणतवाच्या वेळी येईल. एक प्लॉट विकणारे तर छातीठोकपणे सांगत होते की मोठा पूर नुकताच होऊन गेला, आता निदान आपली पिढी सुटली. पूर पंचांग पाहून येत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे ज्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक आहे असा पूर. यंदा आला तरी पुढच्या वर्षीची शक्यता तेवढीच राहते. पंचवीस वर्षांच्या पुराची दर वर्षीची शक्यता शंभरात चार. घराचे कर्ज तीस वर्षांचे धरा. त्या तीस वर्षांत पंचवीस वर्षांचा पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के भरते, आणि शंभर वर्षांचा पूर येण्याची सुमारे २६ टक्के. हा हिशेब सोपा आहे : पूर न येण्याची वार्षिक शक्यता ०.९६ किंवा ०.९९, तिला तिनेच तीस वेळा गुणायचे आणि उत्तर एकातून वजा करायचे. भाच्याच्या कॅल्क्युलेटरवर मी तो पहिल्यांदा केला तेव्हा मला विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा केला.

दुसरा घोळ याहून मोठा. पूररेषा आखायला नदीचे आडवे छेद मोजावे लागतात, विसर्गाच्या जुन्या नोंदी लागतात, पैसा लागतो. त्यामुळे रेषा आखल्या जातात त्या मोठ्या नद्यांच्या, मोठ्या शहरांतून जाणाऱ्या भागांच्या. छोट्या गावातल्या छोट्या नाल्याला पूररेषा क्वचितच मिळते. अशा ठिकाणी नियमावली एक ठोक अंतर देते : नदीच्या काठापासून १५ मीटर आणि नाल्याच्या काठापासून ९ मीटर सोडून बांधा. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण पाणी मीटरपट्टी घेऊन निघत नाही. उंच दरडीच्या नाल्यापासून नऊ मीटरवरचे घर कोरडे राहील, आणि सपाट काळ्या जमिनीत साठ मीटरवरचेही बुडेल. बहिणीचे घर नाल्यापासून नऊ मीटरच्या बरेच बाहेर आहे. नियमाप्रमाणे ते बिनचूक होते.

केंद्रीय जल आयोगाने पूरप्रवण जमिनीच्या विभागणीचा एक नमुना कायदा १९७५ मध्येच तयार करून राज्यांना पाठवला होता. मणिपूरने १९७८ मध्ये, राजस्थानने १९९० मध्ये, उत्तराखंडने २०१२ मध्ये तसा कायदा केला. बाकी बहुतेकांनी, त्यात आपणही आलो, परिपत्रके आणि नियमावल्या यांवर भागवले. तोवर आपल्याकडे १२ जुलै १९६१ चे पानशेत होऊन गेलेले होते. पुढे ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातले मोवाड उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे गेली आणि गाव नव्या जागी वसवावे लागले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मिठी नदी नावाची काही चीज असल्याचे मुंबईला आठवले. आमच्या अकोल्याची मोर्णा जानेवारी २०१८ मध्ये देशभर गाजली, ती हजारो नागरिकांनी पात्रात उतरून केलेल्या सफाईमुळे. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख केला. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला तेव्हा मोर्णेकाठच्या जुन्या वस्त्यांबरोबर नाल्यांच्या कडेच्या नव्या कॉलन्यांतही पाणी शिरले. जुन्या वस्तीला नदी ठाऊक होती. नव्या कॉलन्यांना नाला ठाऊक नव्हता.

मग पूररेषा नसलेल्या नाल्याचा धोका मोजायचा कसा? मी माझ्या पद्धतीने मोजला. त्यातल्या चुकांसह सांगतो.

पहिला प्रश्न, पाणी किती येणार. अभियंते छोट्या पाणलोटासाठी एक साधे सूत्र वापरतात : तासाला किती मिलिमीटर पाऊस पडतो, पाणलोट किती चौरस किलोमीटर आहे आणि पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा जमीन न पिता सोडून देते, या तिन्हींचा गुणाकार, आणि त्याला पुन्हा ०.२७८ ने गुणायचे. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये. तासाला ६० मिलिमीटर पाऊस आणि निम्मे पाणी वाहून जाते असे धरले तर आमच्या २ चौरस किलोमीटरच्या नाल्यात सुमारे १७ घनमीटर येतात. मी खूश झालो. मग दुसरे सूत्र पाहिले, डिकन्सचे. मध्य भारतासाठी त्यातला गुणक १४ ते २८ च्या दरम्यान घेतात; उत्तर येते २४ ते ४७. तिसरे इंग्लिसचे. हे साहेब पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात होते आणि सह्याद्रीतल्या नद्यांवर त्यांनी ते बसवले. ते आमच्या नाल्याला लावले तर ७०! एकच नाला, एकच पाणलोट, आणि उत्तरे १७ पासून ७० पर्यंत. एका निवृत्त अभियंत्याकडे वही घेऊन गेलो. ते हसून म्हणाले, "इंग्लिसला सह्याद्रीतच राहू द्या, त्याला वऱ्हाडात आणू नका. आणि उत्तर एक आकडा म्हणून कधीच लिहू नका, इथून तिथवर असे लिहा." त्यानंतर कोणत्याही अहवालात नाल्याचा विसर्ग दशांश चिन्हासकट दिलेला दिसला की मला आधी शंका येते.

पावसाच्या आकड्यातही एक पेच आहे. महसुली हिशेबात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. शेतीच्या नुकसानीसाठी ते ठीक. नाल्याला चोवीस तासांशी देणेघेणे नाही. तेच ६५ मिलिमीटर दिवसभर रिमझिमत पडले तर काळी जमीन पिऊन टाकते, विशेषतः जूनमध्ये, जेव्हा भेगा हातभर उघड्या असतात. तेच ऑगस्टात, भेगा मिटून जमीन तुडुंब झालेली असताना, तासाभरात पडले तर घर बुडते. अलीकडे मंडळा-मंडळात महावेधची स्वयंचलित केंद्रे आली आहेत, त्यामुळे तासाचा पाऊस निदान मोजला जातो.

दुसरा प्रश्न, नाला किती पाणी वाहून नेऊ शकतो. इथे मॅनिंग नावाच्या आयरिश अभियंत्याचे एकोणिसाव्या शतकातले सूत्र जगभर चालते. पात्राची रुंदी, खोली, उतार आणि खरबरीतपणा त्यात लागतो. जुन्या गावनकाशावरून आणि दोन ठिकाणी उरलेल्या मूळ काठावरून माझा अंदाज असा की हा नाला पूर्वी सहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल होता, उतार तीनशे मीटरला एक मीटर. तो स्वच्छ असेल तर सेकंदाला सुमारे १७ घनमीटर वाहून नेतो. म्हणजे माझ्या सर्वांत कमी अंदाजाएवढे बरोबर. हा योगायोग नसावा. नाला स्वतःचे पात्र त्याला वारंवार लागते तेवढे कोरून घेतो. मोठ्या पुरात तो दोन्ही बाजूंच्या शेतांत पसरत असणारच, आणि शेतकरी त्याला गाळ मिळाला म्हणून चालवून घेत असणार.

आता त्याच पात्रात बेशरम माजू द्या. खरबरीतपणा दुप्पट होतो, क्षमता निम्मी, साडेआठ-नऊवर येते. किंवा बेशरम काढून पात्र सहाऐवजी तीन मीटर करा. मला वाटले होते क्षमता निम्मी होईल. ती ७ वर येते, म्हणजे निम्म्याहूनही खाली, कारण अरुंद पात्रात पाण्याला काठांचे घर्षण जास्त लागते. ले-आऊटवाल्यांचा यावरचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो : तीन मीटरच ठेवा पण सिमेंटने बांधून काढा, गुळगुळीत झाला की पाणी सुसाट जाईल. सूत्राप्रमाणे त्यात तथ्य आहे. सिमेंटच्या तीन मीटर नालीतून १४ घनमीटर जातात. पण ही नाली कायम नव्यासारखी स्वच्छ राहिली तर. तिच्यात गाळ, प्लास्टिक आणि मेलेले कुत्रे पडणार नाही असे गाव मी अजून पाहिलेले नाही. आणि सुसाट गेलेले पाणी पुढच्या वस्तीत सुसाटच पोचते.

हे झाले नाल्याचे. पाणलोट तरी तसेच कुठे राहते? वरच्या शेतांचे प्लॉट पडले, गच्च्या झाल्या, अंगणात फरशी आली की जमीन निम्मे पाणी पिण्याऐवजी तीस टक्केच पिते. तेवढाच पाऊस पडूनही १७ चे २३ होतात. याचा अर्थ असा की खाली राहणाऱ्याचा धोका त्याने एक वीटही न हलवता वाढतो. प्रत्येक ले-आऊटची परवानगी सुटी तपासली जाते. सगळी ले-आऊट मिळून खालच्या माणसाच्या दारात काय होते हे तपासायची जागा म्हणजे गावाची विकास योजना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास योजनेत काय काय असावे याची जी यादी आहे, तीत पूरनियंत्रणाचे प्रस्तावही आहेत. मी अनेकांना हे कलम दाखवतो. बहुतेकांना वाटते विकास योजना म्हणजे रस्ते आणि आरक्षणे.

आकडेमोडीपेक्षा मला जास्त हाती लागले ते कागदात आणि माणसांत. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीची मोजणी झाली, तेव्हापासून गावनकाशावर नाला दुहेरी रेघेने दाखवलेला आहे. त्याला सर्व्हे नंबर नसतो. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाले सरकारचे. ज्याला नंबर नाही त्याचा सात-बारा नाही, ज्याचा सात-बारा नाही त्याच्यासाठी माझ्या टेबलाशी कोणी भांडायला येत नाही. नाल्याचे हेच दुर्दैव. मात्र शेजारच्या शेताच्या सात-बारावर तो एक खूण सोडून जातो : पोटखराबा. त्यातला वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, तळे असल्या कारणांनी आकारणीतून वगळलेले क्षेत्र. शेतात आज नाला दिसत नसेल आणि सात-बारावर 'ब' वर्गाचा पोटखराबा असेल, तर चारदा विचारावे की ही जमीन कशाखाली होती. प्लॉट घेणाऱ्याला पाच मिनिटांत करता येण्यासारखी ही तपासणी आहे. मी पंचवीस वर्षे सात-बारे हाताळले आणि ती कधी केली नाही.

जुनी गावे या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. पुराची घरे त्यांचीही पडत. एवढे मात्र खरे की गावठाणासाठी पांढरी निवडली जाई आणि पिकासाठी काळी. पांढरी बहुधा उंचवट्यावर, पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या घरांवर पुन्हा घरे बांधून आणखी उंच झालेली. काळी सपाट, खोल, पाणी धरणारी. आज पांढरीत जागा संपली आणि आपण काळीत उतरलो. काळी मातीचा स्वभाव मात्र बदललेला नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घराच्या भिंती तडकवते आणि पाणी आले की लवकर सोडत नाही.

उपग्रहाचे नकाशे मी भाच्याकडून शिकलो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने घेतलेल्या उंचीच्या नोंदी फुकट मिळतात आणि पाणलोटाची हद्द काढायला त्या उत्तम. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन, आणि उंचीत काही मीटरची चूक सहज असू शकते. बहिणीच्या घरात पाणी गुडघाभर आले होते. काही मीटरची चूक असलेल्या नकाशातून गुडघा दिसत नाही. संगणकावर रंगीत पूरनकाशा काढून देणारे हल्ली बरेच भेटतात. निळा रंग घराच्या अलीकडे थांबला म्हणून निर्धास्त होण्याआधी उंची कशावरून घेतली ते विचारावे.

म्हणून मी शेवटी गवंड्यांची पाण्याची नळी उचलली. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकांना दोन माणसे. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखीच राहणार, यात चूक झालीच तर एखाद्या बोटाची. एका दिवाळीच्या सुट्टीत मी आणि भाच्याने ती गल्लीभर फिरवली. घराघरांत विचारत गेलो, पाणी कुठवर आले होते? पुरुषांनी 'खूप आले' असे सांगितले. बायांनी जागा दाखवल्या : चुलीच्या ओट्याची कड, देवळीचा तळ, पिठाच्या डब्याचे दुसरे कडे. "पानी उंबरठ्यालोक येते दरसाल, त्या साली जात्यावरून गेलं," असे एकीने सांगितले. दरवर्षी उंबरठ्यापर्यंत येते, हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले. ज्या पाण्याला आम्ही आपत्ती म्हणत होतो, त्याचे लहान भावंड दरसाल येऊन जात होते आणि कोणी त्याची नोंद करत नव्हते.

सगळ्या खुणा एकाच पातळीवर आल्या. घरे पुढेमागे, जोती लहानमोठी, पण पाण्याची रेघ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सपाट. वाहते पाणी असते तर रेघ नाल्याच्या उताराबरोबर उतरली असती. सपाट रेघेचा अर्थ, पाणी तिथे साचले होते. कशाने तरी अडले होते.

अडवणारी वस्तू गल्लीच्या शेवटी होती आणि आम्ही रोज तिच्यावरून जात होतो. नळ्यांचा रपटा. एक मीटर व्यासाच्या तीन सिमेंटच्या नळ्या, वर रस्ता. तिन्ही मोकळ्या असतील तरी त्यांतून सेकंदाला ५-६ घनमीटरपेक्षा जास्त पाणी जात नाही, आणि त्या दिवशी एक गाळाने निम्मी भरलेली होती. वरून १७ येणार, खालून ५ जाणार. उरलेले पाणी रपट्याचा माथा ओलांडूनच पुढे जाऊ शकते. आम्ही नळीचे एक टोक रपट्याच्या माथ्यावर धरले, दुसरे बहिणीच्या उंबरठ्यावर. तिच्या घराची फरशी रपट्याच्या माथ्यापेक्षा २० सेंटिमीटर खाली निघाली. म्हणजे पाण्याला पुढे वाट मिळायच्या आधी ते तिच्या घरात यायलाच हवे होते. दोन वर्षे सूत्रे गिरवून जे कळले नाही ते एका नळीने अर्ध्या तासात सांगितले. भाचा काही बोलला नाही, नळी गुंडाळत बसला.

धोका म्हणजे नुसते पाणी नव्हे, हे त्या मोजणीतूनच नीट समजले. पाण्याची पातळी गल्लीला सारखीच होती, नुकसान सारखे नव्हते. ज्याचे दुमजली घर त्याने सामान वर नेले. ज्याची भाड्याची खोली त्याने सगळे गमावले आणि नुकसानीच्या यादीत नावही घरमालकाचे लागले. नकाशावर या दोघांचा रंग एकच असतो. जमिनीच्या वापराचे नियोजन करणाऱ्याने पाणी कुठवर येते हे पाहावे, तसेच तिथे अंगणवाडी आहे का, रुग्णालय आहे का, विजेचे रोहित्र किती उंचीवर आहे, रात्री बाहेर पडायचा रस्ता पाण्याखालून जातो का, हेही पाहावे. सखल जागा मोकळ्या ठेवायच्या तर त्यांचा उपयोगही नेमून द्यावा लागतो. आठवडी बाजार, खेळाचे मैदान, गुरांचा बाजार, रोपवाटिका. मोकळी आणि बिनकामाची सरकारी जागा आपल्याकडे फार दिवस मोकळी राहत नाही, आणि गुंठेवारी नियमित करण्याचे कायदे मागाहून येतच राहतात. २००१ चा गुंठेवारी कायदा त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतच्या प्लॉटांसाठी होता. दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. गरिबाचे घर पाडू नये हे मला मान्य आहे. पण नियमित केलेल्या घरात येणारे पाणी नियमित होत नाही.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. दुसऱ्या एका गावच्या मसुद्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याची हरकत मी लिहून दिली होती. त्यांच्या शेताजवळचा नाला नव्या नकाशात चक्क सरळ करून दाखवला होता. मी जुना गावनकाशा, सात-बाराचा पोटखराबा आणि पूरखुणांची छायाचित्रे जोडली. सुनावणीत त्यांना पाच मिनिटे मिळाली. भाषण कोणी ऐकले नसते. गावनकाशाची प्रत टेबलावर ठेवल्यावर मात्र अधिकारी वाकून पाहू लागले. अंतिम नकाशात नाल्याचे वळण परत आले. इतरांच्या हरकतींत जमिनीचा मोबदला, आरक्षण, रस्त्याची रुंदी होती. नाल्याबद्दलची हरकत एवढी एकच.

हल्ली मी दस्तात चतुःसीमा लिहिताना रस्त्याच्या पुढे जातो. 'पश्चिमेस ९ मीटर रस्ता व त्यापलीकडे नाला' असे लिहितो. त्याने काही गिऱ्हाइके गेली. मागच्या पावसाळ्यात एक तरुण जोडपे आले होते, प्लॉट घेणारे. विकणाऱ्याने दस्ताचा मसुदा वाचला आणि म्हणाले, रस्त्यापर्यंतच लिहा, पुढचे कशाला. मी म्हटले, नाला तिथे आहे. ते म्हणाले, आहे ना, मग लिहायची काय गरज? मुलीने मला विचारले, "काका, लिहिल्याने काय होते?" मी तिला सात-बारावरचा पोटखराबा दाखवला आणि उन्हाळ्यात नको, पावसात येऊन प्लॉट पाहा, असे सांगितले. ते तिघेही शेजारच्या टेबलावर गेले. दस्त तिथे झाला की नाही ते मी विचारले नाही.

रपट्याच्या तीनऐवजी मोठा पेटीसारखा पूल व्हावा म्हणून गल्लीने अर्ज दिलेला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. बहिणीच्या घराचे जोते उचलायचे तर घर पाडावे लागेल, ते तिला परवडत नाही. उंबरठ्यावर गवंड्याने वीतभर उंच पट्टी बांधून दिली आहे, आणि मृग लागला की भाचा धान्याच्या कोठ्या विटांच्या तीन थरांवर चढवतो. नळ्यांत अडकलेला बेशरम मी आणि तो जूनच्या पहिल्या रविवारी काढतो. बहिणीने दस्ताबद्दल मला कधी एक शब्दही विचारला नाही. तो वाळलेला दस्त तिने पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, माळ्यावर ठेवला आहे.